उघडीप, ऊन आणि डेंग्यू

संततधार सुरू असते तेव्हा डेंग्यूचे रुग्ण फारसे वाढत नाहीत. पाऊस उघडीप देतो, दुपारचे ऊन लागू लागते आणि काही आठवड्यांत दवाखान्यात तापाचे रुग्ण वाढतात. साचलेल्या पाण्याचे सगळ्यांना ठाऊक आहे. हवेच्या तापमानाचे कुणी विचारत नाही.

एडिस डासाची मादी रुग्णाला चावली की लगेच दुसऱ्याला डेंग्यू देऊ शकत नाही. विषाणू आधी तिच्या पोटात वाढतो, मग लाळेत उतरतो. २५ अंश सेल्सिअसला याला सरासरी १५ दिवस लागतात, ३० अंशांना साडेसहाच्या आसपास. मादीचे आयुष्य जेमतेम दोन ते चार आठवड्यांचे. गारव्यात बऱ्याच जणी त्याआधीच मरतात. उबेत मात्र चावत फिरायला दिवस हाताशी उरतात. प्रसाराला सर्वांत पोषक तापमान २९ अंशांच्या आसपासचे, ३४-३५च्या पुढे प्रसार जवळपास थांबतो. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या संशोधकांना पुण्यात हेच दिसले: पावसाळ्यात २७ अंशांच्या वर तापमान आणि बेताचा, विभागून पडणारा पाऊस असला की डेंग्यू वाढतो, आठवड्यात १५० मिलिमीटरहून जास्त कोसळला तर अंडी-अळ्या वाहून जातात.

तेव्हा उघडीप पडली की कोरडा दिवस, म्हणजे आठवड्यातून एकदा पाणी साठवायची भांडी रिकामी करून कोरडी करणे, चुकवू नका. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीतला जुना टायर बघा. पिंप नुसते उपडे करून भागत नाही. आतून काथ्याने घासा. कडेला चिकटलेली अंडी कोरडीही महिनोन्‌महिने जगतात, त्यामुळे थंडीत डास कमी झाले म्हणून निर्धास्त होऊ नका.

ताप आलाच तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि भरपूर पाणी. अंग दुखतेय म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅस्पिरिन मुळीच नको. पपईच्या पानांचा रस प्यायला म्हणून तपासणी टाळू नका. ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस जास्त सांभाळायचे: पोटात खूप दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी यांपैकी काहीही दिसले तर तडक रुग्णालय गाठा.

आणि घरात रुग्ण असेल तर त्याला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा. हा डास दिवसा चावतो. आज रुग्णाला चावलेली मादी उबदार हवेत आठवडाभरात घरातल्या दुसऱ्या कुणालाही डेंग्यू देऊ शकते.