जनुकांच्या मधल्या जागा

चि. मुक्ता हिस,


पीएचडीसाठी जनुक-नियमन निवडलंस, फार आनंद झाला. पण तुझ्या पत्रात सगळीकडे मॉडेलच आहेत, पेशीबद्दल एक ओळ नाही. म्हणून मुद्दाम लिहायला बसले.

माणसाच्या जीनोममध्ये सुमारे 300 कोटी अक्षरं. त्यांतली प्रथिनं घडवणारी जेमतेम दीड-दोन टक्के. कुठलं जनुक कुठल्या पेशीत कधी चालू व्हायचं, हे ठरवणारे बहुतेक तुकडे उरलेल्या पसाऱ्यात आहेत, आणि आपलं काम तिथलं. कोडिंग काय, येईलच. त्याआधी एका जनुकाची कथा मुळापासून समजून घे. मी तर बीसीएल11ए सुचवेन. गर्भातलं हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद ठेवण्यात त्याचा मोठा हात. अनेक लोकांच्या जीनोमची तुलना करताना संशोधकांची नजर त्याच्यावर गेली. पण फरक सापडले ते प्रथिनाच्या मजकुराबाहेर, इन्ट्रॉनमध्ये. 2013 मध्ये कळलं, की तिथला एन्हान्सर नावाचा एक तुकडा लाल पेशींच्या वंशातच या जनुकाला जोर देतो. तेवढाच तोडला, तर जनुकाचं इतर पेशींतलं काम शाबूत राहतं आणि गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं. सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या आजारावरच्या ज्या क्रिस्पर उपचाराला 2023 मध्ये ब्रिटनने मान्यता दिली, तो यावरच उभा आहे. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर. गडचिरोली-नंदुरबारच्या सिकलसेल रुग्णांनी तो कसा घ्यायचा? हा प्रश्नही आपल्याच क्षेत्राचा आहे, असं मी मानते.

दुसरं. डेटा हाती आला की आधी पीसीए, म्हणजे नमुन्यांमधले मुख्य फरक दाखवणारा आलेख, काढ. रुग्ण आणि निरोगी असे दोन स्वच्छ पुंजके दिसले की मुलं हरखून जातात. तू मात्र उठून नमुने तयार करणाऱ्यांकडे जा, त्यांची वही माग. सगळे रुग्णांचे नमुने एका दिवशी एका किटने आणि सगळे निरोगी नंतर दुसऱ्या किटने झाले असतील, तर आजार कुठला नि तारीख कुठली, हे कुठलंही गणित वेगळं करू शकत नाही. म्हणून प्रयोग आखताना बैठकीत बस. जमेल तेव्हा स्वतः पिपेट धर.

गाइड निवडताना नुसतं नाव बघू नकोस. चुकलेला निष्कर्ष विद्यार्थी त्यांच्या प्रयोगशाळेत मोकळेपणी सांगू शकतात का, ते बघ. होकार कळवण्याआधी तिथल्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी निवांत बोल आणि मग मला फोन कर.

तुझी,
मावशी