एकेक बॉक्स ओढत बसू नकोस

अगं, तुझा कर्जमंजुरीचा डायग्राम पाहिला. विचार पक्का आहे. पण मधे एक टास्क घालायला तू उजवीकडचे बॉक्स एकेक करून ओढत होतीस, ते बघून जीव कळवळला. त्यात दुपार जाते आणि मूळ प्रश्न डोक्यातून निसटतो.

कॅमुंडा मॉडेलर वापरतेस ना? ‘एस’ दाब. जागा हवी तिथे माउस दाबून उजवीकडे ओढ. पलीकडचं सगळं बाणांसकट सरकतं, एसटीच्या बाकावर ‘जरा सरकून घ्या’ म्हटल्यासारखं. डावीकडे ओढलंस की रिकामी जागा मिटते. ‘एल’ दाबून चौकट काढलीस की आतलं सगळं एकदम निवडलं जातं. आणि बॉक्स शोधायला स्क्रोल कशाला? कंट्रोल-एफ आहे.

पण खरं सांगू, नुसत्या हातचलाखीनं भागणार नाही. मेंडलिंग, रायर्स आणि व्हॅन डर आल्स्ट यांनी 2010 मध्ये प्रोसेस मॉडेलिंगचे सात नियम मांडले. त्यातला एक म्हणजे 50 पेक्षा जास्त घटक झाले की डायग्राम फोडायचा. तुझा कधीच पुढे गेलाय.

फोडताना, म्हणजे एखादा तुकडा सबप्रोसेसमध्ये टाकताना, मात्र घाई करू नकोस. सबप्रोसेसची सीमा ओलांडून बाण नेता येत नाही, आणि मला हा नियम फार आवडतो. निवडलेल्या तुकड्यातून तीन-चार बाण तीन दिशांना बाहेर पडत असतील, तर समज, काप चुकीच्या जागी घेतलाय. ‘कागदपत्रं तपासणे’ असं धड नाव देता येतं का बघ. ‘भाग दोन’ असंच सुचत असेल तर तो तुकडा अजून स्वतंत्र झालेला नाही. हीच तपासणी गृहकर्जालाही लागते ना? मग तिची वेगळी प्रोसेस कर आणि दोन्हीकडून कॉल ॲक्टिव्हिटीनं बोलाव. तपासणीचा नियम बदलला तर एकाच जागी हात घालावा लागेल.

अजून एक. डायग्रामच्या फाइलमधल्या एक्सएमएलमध्ये प्रक्रियेचा तर्क एका भागात असतो आणि बॉक्स कुठे बसलेत त्याचे आकडे दुसऱ्या भागात. बॉक्स नुसते सरकवलेस तरी गिटमध्ये ढीगभर ओळी बदललेल्या दिसतात, आणि त्या गर्दीत गेटवेची बदललेली अट कुणाच्या नजरेला पडत नाही. म्हणून मांडणी आवरलीस की तेवढीच कमिट कर, अटींना त्यानंतर हात लाव.