फसवें गवत

गाजरगवत परदेशांतून येऊन आपलीं रानें व शेतें कशीं व्यापितें, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. अमेरिकेच्या पश्चिम भागांत अशाच एका परक्या तृणानें मोठा अनर्थ केला आहे. त्यास तेथील लोक 'चीटग्रास', म्हणजे फसवें गवत, असें म्हणतात.

१. तें कसें आलें? त्याचें मूळस्थान यूरोप, पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका हें होय. गव्हाच्या बियाण्यांत मिसळून तें अमेरिकेस गेलें. इ. स. १८९० च्या सुमारास तें पश्चिमेकडील कुरणांत दिसूं लागलें. आगगाडीच्या मार्गानें आणि जनावरांच्या अंगास चिकटलेल्या कुसळांबरोबर तें १९३० पर्यंत बहुतेक सर्वत्र पसरलें.

२. तें कसें जिंकतें? तें शरद ऋतूंत उगवतें, हिंवाळ्यांत मुळें वाढवितें आणि वसंतांत इतर रोपांच्या आधीं जमिनींतील ओल पिऊन टाकितें. उन्हाळ्याच्या आरंभीं बीं टाकून तें वाळतें. त्यानंतर एक ठिणगी पुरे होते. स्नेक नदीच्या मैदानांत पूर्वीं एकाच जागीं ६० ते ११० वर्षांनीं वणवा लागे. हें गवत दाट झालें तेथें तो ३ ते ५ वर्षांनीं लागूं लागला. तेथील सेजब्रश नांवाचें झुडूप जळालें म्हणजे बुडख्यापासून पुन्हा फुटत नाहीं, आणि त्याच्या आश्रयानें राहणारे पक्षी निराधार होतात. गुरांनाही ह्या गवताचा चारा थोडेच आठवडे मिळतो. पुढें त्याचीं कुसळें त्यांच्या तोंडांत रुततात.

३. तें कोठवर गेलें? एकटें रोपही आपल्याच परागानें बीं धरितें. म्हणून नव्या जागीं एक दाणा पडला तरी वस्ती होते. आतां खारट वाळवंटांत व उंच डोंगरउतारांवरही तें शिरलें आहे.

४. दार कोणीं उघडलें? मनुष्यानेंच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लोकांनीं त्या माळांवर बेसुमार गुरें व मेंढ्या चारिल्या. जुनीं, अनेक वर्षें जगणारीं गवतें खुरटलीं, माती उघडी पडली, आणि त्या रिकाम्या जागेंत परकें बीं रुजलें. जेथें जुन्या गवतांचे झुपके दाट उभे राहिले, तेथें त्यास सहज थारा मिळाला नाहीं.

ह्यावरून बोध हा कीं, तण आल्यावर उपटणें कठीण. भूमीचें आच्छादन राखणें सोपें. गांवच्या गायरानांत चराईस आळीपाळी ठेवावी, बियाणें निवडून पेरावें, आणि नवें तण दिसतांच बीं धरण्यापूर्वीं काढावें.

प्रश्न: (१) वणव्यानें ह्या गवताचें बळ कां वाढतें? (२) आपल्या गांवांत कोठें माती उघडी पडली आहे? (३) ती झांकण्यास आपण काय करूं?