न दिसणारा शिक्का

मुलांनो, 'शिक्कामोर्तब' हा शब्द तुम्ही मराठी वर्तमानपत्रात वाचला असेल. एखाद्या निर्णयावर शिक्कामोर्तब झाले, म्हणजे तो पक्का झाला. यातला 'शिक्का' तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूतला 'सिक्का' तोच. 'मोर्तब' हे 'मुरत्तब' या शब्दाचे मराठी रूप आहे. मराठ्यांच्या काळात राजपत्राच्या माथ्यावर मुद्रा उमटवीत आणि मजकूर जिथे संपे, तिथे मोर्तबाचा लहान शिक्का मारीत. वरच्या मुद्रेवरून पत्र कोणाचे ते कळे. खालच्या शिक्क्यामुळे त्याखाली कोणाला आणखी एक ओळ घुसडता येत नसे. शिक्के दोन, कामेही दोन. संगणकावरच्या कागदाला शाई लागत नाही. मग तिथे ही दोन कामे कोण करते?

हे पाहण्यासाठी आपण यवतमाळ जिल्ह्यातील कळंबला जाऊ. चक्रवती नदीच्या काठचे, चिंतामणीच्या देवळासाठी प्रसिद्ध असलेले हे तालुक्याचे गाव. आसपास कापूस, तूर आणि सोयाबीनची वावरे आहेत. (विदर्भात शेताला वावर म्हणतात.) समजा, तुमच्या अब्बांचे इथे १.६२ हेक्टर, म्हणजे साधारण चार एकर वावर आहे. पेरणीसाठी पीककर्ज हवे, तर बँक सातबारा मागते. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाची व किती ते असते, नमुना बारामध्ये पिकांची नोंद असते. दोन्ही मिळून सातबारा. पूर्वी त्यासाठी तलाठ्यांकडे जावे लागे. ते सही करीत, शिक्का मारीत. ते गावात नसले की हेलपाटा! २०१८ साली महाराष्ट्र दिनी राज्य शासनाने डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू केला. १५ रुपये भरले की तो घरबसल्या मोबाइलवर मिळतो. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.

हे सोयीचे खरे; पण संगणकातला कागद बदलणे फार सोपे असते. एखाद्या लबाडाने १.६२ चे २.६२ केले, किंवा अब्बांचे नाव काढून आपले नाव घातले, तर? शाईच्या कागदावर खाडाखोड दिसते. इथे काहीच दिसणार नाही. आणि सातबारा म्हणजे घराची भाकरी. म्हणून इथे शिक्का हवाच, पण तो गणिताचा.

तो असा तयार होतो. संगणक आधी साऱ्या मजकुराचा एक 'गोषवारा' काढतो. हा शब्दही तुमच्या उर्दूतला. इथे मात्र गोषवारा म्हणजे सारांश नव्हे, तर मजकुरावरून काढलेली एक ठराविक लांबीची संख्या. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला, तरी ही संख्या पार बदलते. मग अधिकारी या गोषवाऱ्याला आपली किल्ली लावतात. खरे म्हणजे किल्ल्या दोन असतात. एक खासगी, ती फक्त त्यांच्याजवळ. दुसरी जाहीर, ती कोणालाही मिळते. एकीने केलेले कुलूप दुसरीने उघडते.

आपण छोटे आकडे घेऊन पाहू. समजा, सातबाऱ्याचा गोषवारा ४ आला. अधिकाऱ्यांची खासगी किल्ली ७ आहे, जाहीर किल्ली ३ आहे आणि दोन्हींसाठी भाजक ३३ आहे. अधिकारी ४ ही संख्या सात वेळा घेऊन गुणतात. उत्तर १६३८४. त्याला ३३ ने भागले, तर बाकी उरते १६. हा १६ म्हणजे शिक्का. तो कागदासोबत बँकेत जातो. बँकेला ७ माहीत नाही, ३ माहीत आहे. बँक १६ ही संख्या तीन वेळा घेऊन गुणते : ४०९६. त्याला ३३ ने भागले, तर बाकी ४. आता बँक हातातल्या कागदाचा गोषवारा स्वतः काढते. तोही ४ आला, तर कागद जसा निघाला तसाच पोहोचला. लबाडाने १.६२ चे २.६२ केले असेल, तर गोषवारा समजा ९ येईल. ९ आणि ४ जुळत नाहीत. लबाडी उघडी पडली!

तुम्ही म्हणाल, ३३ म्हणजे ३ गुणिले ११. त्यावरून कोणीही ७ शोधून काढेल. बरोबर आहे. म्हणूनच प्रत्यक्षात भाजक ६१७ अंकी असतो. त्याचे असे दोन तुकडे पाडणे आजच्या कोणत्याही संगणकाला जमलेले नाही. ही रीत १९७७ साली अमेरिकेत रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी शोधली.

पण एक अडचण उरलीच. ही जाहीर किल्ली कळंबच्या अधिकाऱ्यांचीच, हे बँकेने कशावरून मानायचे? लबाडही स्वतःच्या दोन किल्ल्या तयार करील आणि म्हणेल, 'मीच कळंबचा अधिकारी.' शिवाय महाराष्ट्रात कळंब एकच नाही! एक आपले यवतमाळचे, दुसरे धाराशिव जिल्ह्यातले. दोन्ही तालुक्याची गावे. नुसते नाव पुरत नाही, हे पत्र चुकीच्या कळंबला गेले की टपालवाल्यांना चांगले कळते.

म्हणून किल्लीला ओळखपत्र जोडतात. त्याला डिजिटल प्रमाणपत्र म्हणतात. त्यात किल्ली कोणाची, ती व्यक्ती कुठली, प्रमाणपत्राचा क्रमांक, ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालेल, हे सारे असते. शेवटी ते देणाऱ्या संस्थेचा शिक्का असतो, तोही असाच गणिताचा. अशा परवानाधारक संस्थांना प्रमाणन प्राधिकरण म्हणतात. त्या आधी माणसाची कागदपत्रे तपासतात. मग या संस्थांची खात्री कोण देतो? माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० नुसार नेमलेले नियंत्रक. हा कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू आहे. आणि नियंत्रकांच्या प्रमाणपत्रावर कोणाचा शिक्का? त्यांचा स्वतःचाच! साखळी कुठेतरी थांबायला हवी. ती इथे थांबते.

यामुळे एक गंमत होते. आपला सातबारा काही संगणकांवर उघडला, तर स्वाक्षरीवर हिरव्या खुणेऐवजी प्रश्नचिन्ह दिसते. लोक घाबरतात, कागद खोटा समजतात. पुष्कळदा एवढेच झालेले असते, की त्या संगणकाच्या यादीत भारताच्या नियंत्रकांचे नाव नसते. त्याला साखळीचे वरचे टोक सापडत नाही. प्रश्नचिन्ह म्हणजे 'खोटे' नव्हे, 'मला माहीत नाही'. त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणेही बरे नाही.

साखळीची कडी तुटूही शकते. जुलै २०१४ मध्ये हे खरोखर घडले. गूगल कंपनीच्या संकेतस्थळांच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन केंद्रातून निघाल्याचे २ जुलैला उघडकीस आले. दुसऱ्याच दिवशी नियंत्रकांनी त्या केंद्राची प्रमाणपत्रे रद्द केली. रद्द प्रमाणपत्रांची जाहीर यादी असते. अधिकाऱ्यांची किल्ली हरवली, तर तिचे प्रमाणपत्रही या यादीत टाकावे लागते. ही किल्ली पेनड्राइव्हसारख्या छोट्या टोकनमध्ये असते आणि तिला पिन असते. काही जण कामाच्या घाईत टोकन आणि पिन दोन्ही मदतनिसाच्या हवाली करतात. हे तर कोऱ्या कागदावर सही करून देण्यासारखे झाले. गणित कितीही पक्के असले, तरी ते इथे काय करणार?

आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. सातबारा छापून घेतला, की गणिताचा शिक्का संगणकातच राहतो. कागदावर येते ते त्याचे चित्र. चित्राची नक्कल कोणीही करील. म्हणून छापील प्रतीवर पडताळणी क्रमांक दिलेला असतो. तो शासनाच्या संकेतस्थळावर घातला, की मूळ सातबारा समोर येतो. अब्बा बँकेत गेले आणि साहेबांनी नुसता कागद उलटसुलट करून पाहिला, तर तो क्रमांक तुम्ही त्यांना बोट ठेवून दाखवा.

आता वही काढा. गोषवारा ५ असेल आणि किल्ल्या त्याच असतील, तर शिक्का किती येईल? उत्तर १४ यायला हवे. मग १४ ला जाहीर किल्ली लावा आणि ५ परत मिळतात का ते पाहा.