वजन उतरलं, आता ताटात किती?

वजन कमी कसं करावं हे सांगणारे पैशाला पासरी मिळतात. उतरल्यावर जेवण कसं वाढवावं, याबद्दल धड कुणी बोलत नाही. सगळी मेहनत वाया जाते ती बहुधा तिथेच. माझं मत असं, की डाएट संपलं की दोन-तीन आठवड्यांत, दोन-तीन टप्प्यांत, नव्या वजनाला पुरेल एवढ्या जेवणावर यावं. जुन्या ताटावर परतायचं नाही. ९० किलोच्या शरीराला जेवढं लागायचं, तेवढं ७५ किलोच्या शरीराला लागत नाही.

भूक लागेल तसं खावं, शरीराला सगळं कळतं, असं कुणी म्हणेल. एरवी मीही तेच म्हणेन. पण १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं आणि त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शाने घटलं. पुढे हवं तेवढं खायची मुभा मिळाली, तरी अनेकांची भूक भागेना. पोट तुडुंब भरलं तरी आणखी खावंसं वाटे. चरबी भराभर परतली, स्नायू मागे राहिले. ते तरुण मुळात सडपातळ होते, त्यांची उपासमारही टोकाची होती, हे खरं. मात्र २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात लठ्ठ व्यक्तींनी १० आठवडे कडक डाएट केलं, आणि भुकेच्या हार्मोन्समधले बदल वर्षभरानंतरही टिकून होते. म्हणून सुरुवातीचे काही महिने भुकेवर न विसंबता मोजून वाढावं.

याच्या उलट, वजन वाढेल या धास्तीने आठवड्याला जेमतेम ५० कॅलरी वाढवणारेही असतात. रोजची तूट ५०० कॅलरींची असेल, तर ती भरायला १० आठवडे लागतात, म्हणजे तेवढे दिवस डाएट चालूच! थकवा, चिडचिड, झोपेचं खोबरं होणं, सगळं लांबतं. त्यापेक्षा एका टप्प्याला साधारण २०० कॅलरी वाढवाव्यात: ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी आणि वर चमचाभर तूप. बरोबर वरण, उसळ, दही हवंच आणि वजन उचलण्याचा व्यायाम सोडू नये, कारण गेलेला स्नायू आपोआप परतत नाही. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं डाएटच्या काळात कमी केली असतील, तर जेवण वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. पहिल्याच आठवड्यात काटा एखाद्या किलोने वर जातो आणि माणसं घाबरून पुन्हा उपाशी राहू लागतात. ती चरबी नव्हे. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन पुन्हा भरतं, त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. रोजच्या आकड्याऐवजी सात दिवसांची सरासरी बघावी, आणि ती सलग तीन-चार आठवडे चढत राहिली, तरच भाकरी अर्धी करावी.