भागीदारीचा धंदा आणि वकिलाचा सल्ला

दोन मित्र किंवा साला-मेहुणे मिळून दुकान काढतात, तेव्हा आधी जागा पाहतात, मग मुहूर्त पाहतात. वकील मात्र भांडण झाल्यावर शोधतात. आपल्या तरुण मंडळींनी हा क्रम बदलावा.

सन 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर नफातोटा समसमान वाटला जातो. मग एकाने पाच लाख घातलेले असोत व दुसऱ्याने एक लाख. दिवसभर दुकानात राबणाऱ्यास पगार मागता येत नाही. एक भागीदार वारला की पेढी विसर्जित होते. कर्ज फिटले नाही, तर प्रत्येकाच्या घरच्या मिळकतीवरही जप्ती येऊ शकते. शिवाय नोंदणी नसलेल्या पेढीस उधारी बुडविणाऱ्यावर सहसा दावा लावता येत नाही.

वकील कसा निवडावा? केवळ नाव गाजले म्हणून कोणाकडे जाऊ नये. पेठेतील जुन्या व्यापाऱ्यांना विचारून, ज्याने भागीदारीपत्रे लिहिली आहेत, असा वकील पाहावा. फी आधीच ठरवावी. तो एका भागीदाराचा आप्त असेल, तर दुसऱ्याने मसुदा आपल्या वकिलास दाखवावा. यात राग मानण्याजोगे काही नाही.

भांडवल, वाटणी, पगार, बँकेतील सही, आणि कोणी सोडून गेल्यास वा वारल्यास त्याच्या घरच्यांचा हिशेब, हे पाच मुद्दे मसुद्यात अवश्य असावेत. परस्परांत गोडी आहे तोवरच हे लिहून घ्यावे. मन कलुषित झाल्यावर साध्या शब्दावरही एकमत होत नाही.