जुने बॅकअप पुसले, तरी डिस्क रिकामी का होत नाही? डीडुप्लिकेशन साठवणीतील जागेचे व्यवस्थापन

पीक प्रात्यक्षिकांची छायाचित्रे, स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदी, मृद परीक्षणाचे अहवाल, शेतकरी उत्पादक कंपनीचे खरेदी-विक्रीचे हिशेब ही सर्व माहिती आता संगणकावर साठवली जाते. हिशेब पावत्यांवरून पुन्हा मांडता येतील. मात्र एखाद्या हंगामातील निरीक्षणे हरवली तर ती पुन्हा घेता येत नाहीत. तोच पाऊस, तीच कीड आणि तीच पेरणीची तारीख परत येत नाही. म्हणून रोज रात्री आपोआप बॅकअप घेण्याची व्यवस्था करणे हिताचे असते. बोर्ग आणि रेस्टिक ही त्यासाठीची दोन विनामूल्य, मुक्त स्रोत साधने असून दोन्ही ‘डीडुप्लिकेशन’ पद्धतीने, म्हणजे एकच मजकूर दोनदा न साठवता, काम करतात. त्यामुळे थोड्या जागेत अनेक महिन्यांच्या प्रती मावतात. परंतु कधीतरी डिस्क भरते, जुन्या प्रती काढल्या जातात आणि तरीही मोकळी जागा जवळपास तेवढीच दिसते. या वेळी घाईने केलेली कृती संपूर्ण साठा निकामी करू शकते. म्हणून या साठवणीचा व्यवहार आधी समजून घेणे आवश्यक आहे.

तुकडे आणि त्यांचे वाटेकरी

डीडुप्लिकेशन करणारे साधन प्रत्येक फाइलचे लहान तुकडे करते. तुकड्याचा सर्वसाधारण आकार बोर्गमध्ये सुमारे 2 एमबी, तर रेस्टिकमध्ये सुमारे 1 एमबी असतो. प्रत्येक तुकड्याच्या मजकुरावरून त्याची ओळख पटवणारी एक संख्या, म्हणजे हॅश, काढली जाते. ती ओळख साठ्यात आधीच असेल तर तुकडा पुन्हा लिहिला जात नाही. नव्या प्रतीत केवळ त्याचा उल्लेख केला जातो. तुकडे कोठे पाडायचे हे ठरावीक अंतरावरून नव्हे, तर मजकुरावरून ठरते. त्यामुळे हवामान नोंदींच्या मोठ्या साध्या मजकूर फाइलमध्ये मध्येच काही ओळी घातल्या, तरी आसपासचे एक-दोन तुकडे बदलतात आणि बाकीचे जुनेच वापरले जातात.

सामाईक विहिरीचा दाखला येथे चपखल बसतो. चार भावांच्या सातबाऱ्यावर एकाच विहिरीतील हिस्सा नोंदलेला असतो. एका भावाने आपली जमीन विकली म्हणून विहीर बुजवली जात नाही. एकाही उताऱ्यावर तिचा उल्लेख उरला नाही, तरच ती निकामी ठरते. बॅकअपची प्रत म्हणजे असा उतारा आणि तुकडा म्हणजे ती विहीर होय.

एक उदाहरण पाहू. समजा, ड्रोनद्वारे फवारणीच्या प्रात्यक्षिकाची 12 जीबीची चित्रफीत 5 जून रोजी संगणकावर ठेवली आणि 25 जूनच्या सकाळी पुसली. या काळात रोज रात्री एक याप्रमाणे 20 प्रती घेतल्या गेल्या. चित्रफीत साठ्यात एकदाच आहे, पण तिचे वाटेकरी 20 आहेत. त्यांपैकी 19 प्रती काढल्या, तरी 12 जीबीमधील काहीही मोकळे होणार नाही. विसावी प्रत गेल्यावरच ती जागा सुटण्यास पात्र ठरते. ‘आठवड्याची एक प्रत ठेवा’ असा नियम लावला आणि या वीसांपैकी एखादी प्रत त्यात टिकली, तर चित्रफीतही टिकते.

बोर्गच्या माहिती-आदेशात प्रत्येक प्रतीपुढे डीडुप्लिकेशननंतरचा आकार दिसतो. तो केवळ त्या एकाच प्रतीत असलेल्या तुकड्यांचा आकार असतो. वरील वीस प्रतींपुढे चित्रफितीचा भार शून्यच दिसेल. म्हणून या आकड्यांची बेरीज करून ‘एवढी जागा सुटेल’ असा अंदाज बांधणे चुकीचे आहे.

अशी एखादीच फाइल सर्व जुन्या प्रतींतून वगळण्याची सोयही आहे. बोर्गमध्ये ‘रिक्रिएट’ आणि रेस्टिकमध्ये ‘रीराइट’ हा आदेश त्यासाठी वापरतात. मात्र नमुना चुकीचा दिल्यास हव्या असलेल्या फाइलीही कायमच्या वगळल्या जातात. म्हणून प्रथम ‘ड्राय-रन’ पर्यायाने, प्रत्यक्ष बदल न करता, काय वगळले जाणार आहे याची यादी पाहावी.

काढणे वेगळे, मोकळे करणे वेगळे

वाटेकरी संपले तरी तुकडा लगेच पुसला जात नाही. बोर्ग असे तुकडे 500 एमबीपर्यंतच्या गठ्ठ्यांत बांधून ठेवते. गठ्ठ्यात काही तुकडे निरुपयोगी, तर काही उपयोगी असतात. जागा सोडवायची तर उपयोगी तुकडे नव्या गठ्ठ्यात हलवून जुना गठ्ठा पुसावा लागतो. हे काम खर्चिक असल्याने ते स्वतंत्र पायरी म्हणून ठेवले आहे. बोर्गमध्ये ‘प्रून’ जुन्या प्रती काढते, तर ‘कॉम्पॅक्ट’ जागा मोकळी करते. रेस्टिकमध्ये ‘फरगेट’ प्रती काढते आणि ‘प्रून’ जागा मोकळी करते. एकाच शब्दाचा दोन साधनांत वेगळा अर्थ असल्याने येथे गोंधळ होणे स्वाभाविक आहे.

बोर्गच्या 1.1 आवृत्तीपर्यंत ही दुसरी पायरी आपोआप होत असे. 2022 मध्ये आलेल्या 1.2 आवृत्तीपासून ती वेगळी झाली. जुन्या काळी लिहिलेली रात्रीची आज्ञावली तशीच चालू ठेवली असेल, तर प्रती नियमाने कमी होत राहतात, पण डिस्क मात्र भरत जाते. डिस्क भरल्याची तक्रार आल्यास सर्वप्रथम हीच बाब तपासावी.

दुसरी पायरी पार पडल्यावरही थोडी निरुपयोगी जागा शिल्लक राहते, आणि तो दोष नाही. ज्या गठ्ठ्यातील निरुपयोगी भाग 10 टक्क्यांपेक्षा कमी आहे, तो बोर्ग हलवत नाही. रेस्टिक साधारण 5 टक्के निरुपयोगी जागा सहन करते. मोठ्या संस्थांत वापरल्या जाणाऱ्या प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरमध्ये तर गेल्या 24 तास 5 मिनिटांत वापरलेला तुकडा सहसा पुसलाच जात नाही. सकाळी प्रती काढून दुपारी जागा शोधणाऱ्याने तेथे दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहावी.

डिस्क पूर्ण भरल्यावर

साफसफाईलाही जागा लागते, कारण नवा गठ्ठा लिहिल्यावरच जुना पुसला जातो. म्हणून डिस्क काठोकाठ भरण्याची वेळ येऊ देऊ नये. बोर्गमध्ये काही जीबी जागा आधीच राखून ठेवण्याची तरतूद आहे. साठा तयार करतानाच ती करावी. रेस्टिकमध्ये पुनर्बांधणीची मर्यादा शून्य ठेवली, तर केवळ पूर्णपणे निरुपयोगी गठ्ठे पुसले जातात आणि अडचणीच्या वेळी थोडी जागा हाती लागते.

साठ्याच्या फोल्डरमध्ये शिरून ‘जुन्या तारखेच्या’ फाइली हाताने पुसणे हे मात्र कधीही करू नये. सर्वांत जुन्या गठ्ठ्यांतच बहुधा सर्वाधिक वाटेकरी असलेले तुकडे असतात. तीन वर्षांपूर्वीचा गठ्ठा पुसला, तर कालच्या प्रतीतील फाइलीही वाचता येणार नाहीत.

हंगामानुसार जतन

सात दैनिक, चार साप्ताहिक आणि सहा मासिक प्रती हा नमुना-नियम कार्यालयीन कामास पुरतो; शेतीच्या कामास नाही. ऑक्टोबरातील खरिपाच्या काढणीच्या नोंदींतील चूक पुढील जूनमध्ये, नव्या पेरणीचे नियोजन करताना लक्षात आली, तर तोवर ऑक्टोबरची प्रत नियमानुसार गेलेली असते. वार्षिक प्रतीवर विसंबणेही पुरेसे नाही. ती सामान्यतः 31 डिसेंबरची असते. तेव्हा तूर आणि ऊस बऱ्याच ठिकाणी शेतातच उभे असतात आणि रब्बी अर्ध्यावर असते. आपल्याकडील कृषी वर्ष जुलै ते जून असे मोजले जाते, याची कल्पना त्या साधनाला नसते.

त्यामुळे खरीप, रब्बी आणि उन्हाळी हंगामाच्या नोंदी अंतिम झाल्यावर प्रत्येकी एक स्वतंत्र नावाची प्रत घ्यावी. बोर्गमध्ये प्रून करताना केवळ ‘दैनिक’ या शब्दाने सुरू होणाऱ्या प्रतींचा नमुना द्यावा. रेस्टिकमध्ये हंगामी प्रतीला टॅग लावून तो टॅग जतन करण्यास सांगावे. बोर्गच्या एकाच साठ्यात अनेक संगणकांच्या प्रती असतील, तर नमुना न देता प्रून करणे धोक्याचे आहे. सर्व संगणकांच्या प्रती एकच मालिका समजल्या जातात आणि एका संगणकाच्या नव्या प्रतीमुळे दुसऱ्याची प्रत काढली जाऊ शकते.

जागेची खरी बचत बरेचदा बॅकअपच्या आधीच होते. एकच छायाचित्र तीन फोल्डरमध्ये वेगवेगळ्या नावांनी ठेवले, तरी साठ्यात ते एकदाच जाते. तेच व्हॉट्सॲपवरून छायाचित्र म्हणून फिरून आले, तर पुन्हा आकुंचित झाल्यामुळे ते वेगळे ठरते. म्हणून मूळ छायाचित्र कॅमेऱ्यातून थेट घ्यावे. माहितीसंचाचा निर्यात केलेला उतारा झिप न करता साठ्यात द्यावा. झिप केल्यास लहानशा बदलानेही पुढचा सारा मजकूर बदलतो आणि डीडुप्लिकेशन निष्प्रभ होते. आकुंचनाचे काम साधन स्वतः करते.

डीडुप्लिकेशनची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. जो तुकडा शंभर प्रतींत एकदाच साठवला आहे, तो डिस्कवर खराब झाला तर शंभरही प्रतींत खराब होतो. प्रतींची संख्या येथे संरक्षण देत नाही. म्हणून वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या डिस्कवर दुसरा स्वतंत्र साठा असावा आणि दोन्हींची ‘चेक’ आदेशाने ठरावीक काळाने तपासणी व्हावी. साफसफाई दोन्ही साठ्यांवर एकाच दिवशी करू नये. पहिल्या साठ्याची साफसफाई झाल्यावर मागील खरिपातील एक छायाचित्र आणि एक तक्ता वेगळ्या फोल्डरमध्ये परत काढून प्रत्यक्ष उघडून पाहावा, आणि ते नीट उघडले तरच दुसऱ्या साठ्याची साफसफाई हाती घ्यावी.